पीयूसीपुरती जाळी

मी जाळी बोलतेय. मासे पकडायची नव्हे, मोटारीच्या सायलेन्सरमधली. इंजिनाचा विषारी धूर माझ्या बारीक छिद्रांतून जातो आणि बराचसा निवळून बाहेर पडतो. आत्ता मी भीतीनं अर्धमेली झाले आहे, म्हणून भराभर सांगते.

कारखान्यातून मी कराडच्या यशराजच्या नव्या टर्बो गाडीत आले. वर्ष सुखात गेलं. मग या पठ्ठ्याला कोयनानगरच्या घाटात मित्रांना मागं टाकायचा नाद लागला. त्यानं मोठा टर्बो टाकला, जाड पाइप बसवला. "ही जाळी गाडीचा दम अडवतीया. काढा हिला, फारूकभाई," म्हणाला. फारूक मेकॅनिकनं मला काढून गोणपाटात गुंडाळलं. दोन वर्षं मी गॅरेजच्या कोपऱ्यात उंदरांच्या सोबतीनं काढली.

भंगारवाला इमाम अधूनमधून यायचा. माझ्या पोटातल्या महागड्या धातूच्या पुडीला म्हणे गिऱ्हाईक असतं. माझ्यासारख्या दोघींना त्यानं दारातच छिन्नीनं फोडलं. माझ्याकडंही तो बघायचा, पण फारूक म्हणायचा, "ती मालकाची हाय. त्यास्नी इचारून देतो."

परवा यशराज पीयूसी काढायला गेला. नंबरप्लेटचा फोटो काढला की कागद हातात, अशी त्याची समजूत. पण सेंटरवर तपासणी करणारी क्रांती बधेना. "फोटोवर न्हाई देत मी. नळी घालणार." धूर तपासायची नळी सायलेन्सरात घातली आणि गाडी सपशेल नापास! तेव्हा कुठं माझी आठवण झाली.

आज सकाळी मला पुन्हा बसवलं. सेंटरवर नळी आत आली तशी माझी बोबडीच वळली. इतक्या दिवसांनी जमेल का मला? जमलं. क्रांतीनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "आता कसं! डोळं झोंबत न्हाईत." मला भरून आलं. वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! गॅरेजात येताच यशराज म्हणाला, "वर्षाचा घोर मिटला. काढा हिला आन् देऊन टाका इमामला. फुडच्या वर्षी गाडीच इकणार हाय."

फारूकनं मला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "लय तापलीया. जरा थंड हू द्या."

इमाम स्टुलावर बसून चहा पितोय. छिन्नी त्याच्या पायाशी आहे.

यशराज, काम चोख केलं हाच माझा गुन्हा का रे? एकदा किल्ली फिरव. इंजिन चालू कर. मला थंड होऊ देऊ नकोस.

फारूक पुन्हा बोट लावून बघतोय. या वेळी त्यानं ते मागं घेतलं नाही.