पाठीवरचा अर्धा मासा

तेत्सुओ कुसाकाबेनं बाजारपेठेची वार्षिक सहल सलग एकतीस वर्षं चुकवली होती. कधी सोयाबीन भिजत पडले होते, कधी दळायचं यंत्र बिघडलं होतं, आणि एका वर्षी तर त्यानं धडधाकट मावशीला खुशाल मारून टाकलं होतं. टोफूवाल्याला कसली आलीय सुट्टी, असं म्हणून लोकही सोडून देत. यंदा मात्र व्यापारी मंडळाचे अध्यक्ष इनागाकी स्वतः दुकानात आले. त्यांचं किमोनोच्या कापडाचं चार पिढ्यांचं दुकान, आणि त्यांचा योहेइ तेत्सुओच्या चिहारूशी लग्न करणार होता. "पुढच्या महिन्यात साखरपुडा," ते म्हणाले. "त्याआधी आपण दोघांनी दोन दिवस एकत्र काढावेत. नाही म्हणू नका." मुलीच्या बापानं यावर नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

म्हणून सहासष्टाव्या वर्षी तो बसमध्ये चढला. अंगात दोन बनियनं, त्यावर जाड पांढरा शर्ट, त्यावर कोट.

दोन बनियनांचं कारण पाठीवर होतं. मानेखाली चार बोटांपासून कमरेपर्यंत तिथे एक कार्प मासा पाण्याच्या उलट उसळी मारत होता. बाविसाव्या वर्षी तेत्सुओ ओसाकात एका टोळीत होता, तेव्हाचं ते गोंदण. मासा अर्धाच होता. शेपटीत लाल रंग भरलेला, बाकी नुसत्या काळ्या रेघा. पण असली पाठ कुणाची असते हे जपानात शेंबड्या पोरालाही कळतं, त्यासाठी रंग पुरता भरलेला असावा लागत नाही.

योहेइसाठी आधी एक स्थळ आलं होतं. मुलगी सोन्यासारखी. पण तिचा भाऊ तुरुंगात जाऊन आलाय हे कळलं आणि इनागाकींनी त्याच दिवशी निरोप धाडून ते मोडलं. हे अख्ख्या पेठेला माहीत होतं, चिहारूलाही. मुक्काम हाकोनेच्या गरम कुंडांच्या सराईत, आणि तिथे सगळे पुरुष एकत्र, उघड्यानं आंघोळ करतात. सकाळी ती बसपर्यंत पोचवायला आली होती. "बाबा, फक्त आंघोळीला जाऊ नका," ती हळूच म्हणाली. "सर्दी झालीय म्हणा. दोनच दिवस." आई गेल्यापासून तिनं बापाकडे स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

टोकियोत पहिला थांबा असाकुसाच्या देवळात. देवळापुढच्या मोठ्या धूपपात्रातून धूर येतो, तो जिथे दुखणं असेल तिथे हातानं ओढून घ्यायचा. पेठेतला न्हावी ओकुमुरा, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो आपल्या टकलावर ओंजळी भरभरून धूर घेत होता. "न्हाव्यालाच केस नाहीत म्हणजे गिऱ्हाइकानं विश्वास कसा ठेवायचा!" सगळे हसले. तेत्सुओनं डोळे मिटले, आणि त्याचा हात आपोआप मागे गेला. तो पाठीवर धूर घेत राहिला, निघत असेल तर निघो म्हणून.

"कंबर का हो, कुसाकाबेसान?" बाजूला इनागाकी उभे होते. करड्या सुटाला एक सुरकुती नाही.

"अं? हो. हो, कंबरच. टोफूची पिंपं उचलून उचलून."

"मग ती आज संध्याकाळीच बरी होईल. हाकोनेचं पाणी कंबरेला औषध आहे." इनागाकी प्रसन्न झाले. "तुमची पाठ मी स्वतः धुवून देतो. माझे वडील म्हणायचे, ज्याची पाठ धुतली तोच सोयरा. बाकी सगळ्या कागदावरच्या गोष्टी."

सर्दीचं खोटं राहिलं बाजूला आणि कंबरेचं गळ्यात पडलं. तेत्सुओ हसल्यासारखं काहीतरी करून पुढे चालू लागला. तेवढ्यात समोरून दोन परदेशी पोरं आली, नोव्हेंबरच्या थंडीतही उघड्या दंडांची, आणि दंडांवर ड्रॅगन, फुलं, काय काय. इनागाकींनी त्यांना वाट दिली. "त्यांचं चालतं, ते पाहुणे," ते म्हणाले. "आपल्यातला कुणी तसला निघाला तर मी त्याच्या घरचं पाणी पिणार नाही."

दुपारी प्रकाशाचं संग्रहालय होतं. बूट काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत वर करायची आणि काळोख्या खोलीत घोटाभर पाण्यातून चालायचं. पाण्यावर प्रकाशाचे मासे पोहत येतात, पायाला लागले की फुटून त्यांची फुलं होतात. बायका आनंदानं ओरडत होत्या. आत उकडत होतं, सगळ्यांनी कोट काढले, तेव्हा तेत्सुओलाही काढावा लागला. तो कडेकडेनं चालला होता.

"अरे, थांबा थांबा! हलू नका!" ओकुमुरा मागून किंचाळला. "कुसाकाबेसान, तुमच्या पाठीवर मासा आहे!"

तेत्सुओच्या पाचावर धारण बसली. सगळी पेठ त्याच्याकडे वळली होती. त्यानं मान वळवून पाहिलं, तर भिंतीवरून घसरत आलेला एक लाल-सोनेरी कार्प त्याच्या पांढऱ्या शर्टावर शेपूट हलवत होता. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी फोटो काढला. मासा खांद्यावरून चढला आणि निघून गेला. तेत्सुओला स्वतःचाच संताप आला. चव्वेचाळीस वर्षं टोफू विकून माणूस साधा झाला असेल असं वाटलं होतं, आणि एका दिव्याच्या माशानं त्याला चोर करून सोडलं.

हाकोनेच्या सराईत ते साडेचारला पोचले. सहाला जेवण. मंडळी टेबलटेनिसच्या खोलीकडे पळाली, आंघोळीला सव्वापाचला जायचं ठरलं. तेत्सुओ खोलीत बनियनांवरच सराईचा सुती झगा, युकाता, चढवून शाल पांघरून पडून राहिला. दार वाजलं. दारात इनागाकी, तसाच युकाता घालून, हातात दोन पंचे.

"चला. बाकीचे यायच्या आत. मला लग्नाबद्दल दोन गोष्टी बोलायच्यात, त्या ओकुमुरासमोर नकोत."

"माझी कंबर जरा..."

"म्हणूनच तर."

तेत्सुओ उठला. लांबलचक व्हरांड्यातून जाताना तो पावलं मोजल्यासारखा चालत होता. पाय घसरल्याचं सोंग करावं, चक्कर आल्याचं करावं, काहीही करावं. पण आज टाळलं तर उद्या सकाळी, उद्या टाळलं तर लग्नानंतर, नातवंडं झाली की त्यांच्यासमोर. पुरुषांच्या निळ्या पडद्याशेजारी पाटी होती: अंगावर गोंदण असणाऱ्यांना प्रवेश नाही. त्यानं ती पुरती वाचली आणि आत गेला.

कपडे बदलायच्या खोलीत दोघंच होते. इनागाकींनी युकाता घडी घालून टोपलीत ठेवला. सुटाशिवाय ते अगदीच काटकुळे दिसत होते. "अहो, काढा की," ते म्हणाले.

"इनागाकीसान, धुण्याआधी एकदा बघून घ्या," तेत्सुओ म्हणाला. त्यानं त्यांच्याकडे पाठ केली, युकाता खांद्यांवरून सोडला आणि दोन्ही बनियनं काढली.

आतल्या कुंडात पाणी पडत होतं. मागे बाक करकरला. इनागाकी खाली बसले होते.

"किती वर्षं होतात त्यांच्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं होतो. गाडी चालवायचो, बूट पुसायचो."

"कुणाला मारलंत?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. "एकाला," तेत्सुओ म्हणाला. "जिवानिशी नाही गेला. त्याचा एक कान गेला."

"योहेइला हे माहीत आहे?"

"नाही. चिहारू सांगणार होती, मीच अडवलं. त्या पोरीचा यात काही दोष नाही हो. माझा राग तिच्यावर काढू नका." हे बोलताना त्याचा आवाज फाटला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. "मी जातो खोलीत. बाहेर पाटी आहे."

"मला वाचता येतं," इनागाकी तोडून बोलले. उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चला आत. पाठ धुतो म्हणालो होतो ना मी. एकदा बोललो की बोललो."

आत पार टोकाला, दारापासून सगळ्यात लांब, धुण्याची जागा होती. तेत्सुओ बुटक्या स्टुलावर बसला. इनागाकींनी पंच्याला साबण लावला आणि घासायला सुरुवात केली. असे घासत होते की तेत्सुओला वाटलं, हा माणूस मासा खरवडूनच काढणार. चामडी जळू लागली. त्यानं दात आवळले.

"अर्धाच का?"

"पळालो म्हणून."

"दुखत होतं?"

"दुखत तर होतंच. पण रंग पुरा झाला असता तर मग घरी परतता येणार नाही, असं वाटलं."

घासणं थांबलं. मग गरम पाण्याची बादली पाठीवर रिकामी झाली. "मी आज होकार देऊ शकत नाही," इनागाकी म्हणाले. "नकारही नाही. मला कळत नाहीये. माझी बायको, चार पिढ्यांचं नाव, सगळी पेठ... मला खरंच कळत नाहीये."

ते कुंडात जाऊन बसले. तेत्सुओ त्यांच्यासमोर, भिंतीला पाठ टेकून. इनागाकींचं मन ठरायच्या आत पडद्यापलीकडे धांदल ऐकू आली, आणि ओकुमुरा सात जणांना घेऊन आत घुसला. पंधरा मिनिटं आधीच. टेबलटेनिसचा चेंडू फुटला होता.

"हे बघा, सोयरे आधीच पोचले!" ओकुमुरानं पाणी उडवलं. बघता बघता आठही जण अंग धुऊन कुंडात बसले, सगळे तेत्सुओकडे तोंड करून. पाणी चांगलंच कढत होतं. गळ्यापर्यंत पाण्यात आहे तोवर तेत्सुओ टोफूवाला होता. उठला की संपलं. वीतभर पंच्यानं पाठ झाकत नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ओकुमुरा रंगात येऊन बोलत होता. "कुसाकाबेसान, तुमचा उकडलेला ऑक्टोपस झालाय की! बाहेर या, नाहीतर जेवणात तुम्हालाच वाढतील."

"कंबर शेकतोय," तेत्सुओ म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. शुद्ध हरपली तर हेच लोक आपल्याला उचलून बाहेर काढतील, फरशीवर पालथं घालतील, आणि मग उद्या पेठेत, परवा चिहारू शिकवते त्या बालवाडीत. तिचा सकाळचा चेहरा त्याला दिसला. त्यानं समोर पाहिलं. इनागाकी एकटक त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी एक शब्द उच्चारायचा अवकाश होता. तो न उच्चारता नुसते बसून राहिले, तरी काम झालंच असतं, आणि त्यांच्यावर बोलही आला नसता.

इनागाकी उठले.

आता सांगणार, असं तेत्सुओला वाटलं. पंचा व्यवस्थित डोक्यावर ठेवून ते आपल्या नेहमीच्या रुबाबात कुंडाबाहेर आले आणि दाराकडे न जाता उलट्या दिशेला, पार टोकाच्या नळांकडे चालत गेले. तिथे पोचल्यावर ते क्षणभर उभे राहिले. मग पाय वर, डोकं खाली, असे ते सपशेल फरशीवर आपटले. बादल्यांची उतरंड धडाधडा कोसळली.

"आई गंऽऽ! मेलो!"

आठही जण उघडेबंब धावले. "हात लावू नका!" इनागाकी ओरडत होते. "नको, उचला! तिकडून नको, इकडून! ओकुमुरा, माझं डोकं धर! कुणी जागचं हलू नका म्हणतो ना!" व्यापारी मंडळाचा अध्यक्ष, ज्याच्या टायची गाठ कुणी कधी सैल पाहिली नव्हती, पार उघडा पडून लहान पोरासारखा बोंबलत होता, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले होते. एकदोघांना हसू आवरत नव्हतं.

तेत्सुओ भिंत धरून पाण्याबाहेर आला. चार पावलं, पाच, दार. ओल्या अंगावरच त्यानं युकाता चढवला. मग तो व्हरांड्यात जाऊन भिंतीशी बसला आणि हुंदके देऊन रडला.

जेवणाच्या दालनात इनागाकी सराईची छत्री टेकत, लंगडत आले. ओकुमुरा तोवर दोनदा पडून दाखवून मोकळा झाला होता, आरोळीसकट, आणि बायका डोळे पुसत हसत होत्या. इनागाकींच्या कोपरापाशी हे एवढं निळं झालं होतं. त्यांच्या चार पिढ्यांत कुणावर पेठ अशी हसली नसेल. ते तेत्सुओच्या शेजारच्या गादीवर जपून टेकले.

तेत्सुओनं दोन्ही हातांनी त्यांचा पेला साकेनं भरला.

"फार लागलं का हो?"

"लागलं म्हणजे? खोटं खोटं पडायला मी काय नट आहे?"

समोर ओकुमुरा तिसऱ्यांदा पडला. दालन हसून लोटपोट झालं. तेत्सुओनं मान खाली घातली. त्यानं हळूच विचारलं. "इनागाकीसान, मुलांचं... तुम्ही अजून सांगितलं नाहीत."

इनागाकींनी पेला एका घोटात संपवला आणि वैतागून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, पेठेतल्या आठ माणसांसमोर मी नागडा आडवा पडलो," ते म्हणाले. "व्याह्यासाठी नाही तर कुणासाठी? भरा आता."