साहेबांना मारणारा ड्रायव्हर

मालिकेचा शेवटचा भाग झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नट नेहमीसारखा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला गेला. आयुष्यभर लहानसहान कामं केलेला माणूस. या मालिकेत त्याला साहेबांच्या ड्रायव्हरचं काम मिळालं होतं. साहेब म्हणजे पांढऱ्या सुटातला गुंडांचा राजा. माणसं मारायचा तीही लाल उजेडात, संथ गाण्याच्या तालावर, आणि लोक त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचे. शेवटच्या भागात ड्रायव्हरने त्याला पाठीमागून गोळी घातली.

न्हावी ओळखीचा. त्याने फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "काढा रे फोन. साहेबांचा मारेकरी सापडलाय."

सगळे हसले. नटही हसला.

"ज्याचं मीठ खाल्लंस त्याच्यावर हात उचललास?" न्हाव्याने विचारलं.

"अहो, लेखकाने लिहिलं तसं केलं मी."

"लेखकावर ढकलतोय बघा!" बाकावरून एकजण ओरडला. "माफी मागायला लावा त्याला."

"माग," न्हावी म्हणाला. आता तो हसत नव्हता.

नट उठायला गेला तसे दोघांनी मागून त्याचे खांदे दाबले. वस्तरा लागला. फेस गुलाबी झाला.

"चुकलो, साहेब," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!"

"चुकलो, साहेब! माफ करा!" त्याचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी फेसात उतरलं. बाकावर टाळ्या पडल्या.

न्हाव्याने जखमेवर तुरटी फिरवली, मान पुसून दिली. "मनावर घेऊ नका हं. तुम्ही आपलेच."

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला. निर्मात्याचा फोन आला. "अरे, फुकटात केवढी जाहिरात! पोलिसांत बिलिसांत जाऊ नकोस, सगळी मजा जाईल."

संध्याकाळी तो आईकडे गेला. ती तोच व्हिडिओ बघत बसली होती.

"आई, तो खरा वस्तरा होता." त्याने गळ्यावरची पट्टी दाखवली.

"बरी होईल जखम." तिने फोनवरून नजर काढली नाही. "पण रडलास काय सुंदर रे! मालिकेत असं काम केलं असतंस, तर लोकांनी माफ केलं असतं तुला."

आणि तिने आवाज वाढवून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.