वाक्य पुरं होईपर्यंत

"अगं, आज चौकातल्या खांबावर चढलो ना, तेव्हा—"

"पट्टा बांधला होता का? नसेलच! तुम्हाला हजारदा सांगून झालं."

"बांधला होता गं. पण मान वर केली की जरा—"

"ऊन लागलं असेल. टोपी घालत जा. आणि पाणी कुठे पिता तुम्ही? बाटली जशी नेता तशी परत आणता."

नवऱ्यानं चपला जागेवर ठेवल्या आणि हात धुवायला आत गेला.

वाचकहो, या संवादात भांडण कुठेच नाही. आवाज चढलेला आहे, पण त्यात रागही नाही. उलट बायकोला नवऱ्याची काळजी आहे. तिनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे पट्टा, टोपी आणि पाणी, अगदी बरोबर आहेत. असं बोलणं आपल्या घरात रोज होतं आणि त्यात काही बिघडलंय असं कुणालाच वाटत नाही. या घरातही कुणाला वाटलं नव्हतं.

नवरा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. शिडी लावायची, खांबावर चढायचं, गेलेला दिवा बदलायचा. ओळखीचे सगळे त्याला 'दिवेवाले' म्हणत. बायको एका मोठ्या शिवणशाळेत सुपरवायझर होती. तिथे शाळांचे गणवेश शिवले जायचे. दिवसभर यंत्रांचा असा घरघराट, की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. तिथल्या बायका तिला समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. बाईंना ते माहीत होतं आणि आतून थोडा अभिमानही होता. का नसावा? याच आवाजानं त्यांनी मालकाकडून खोलीत पंखे लावून घेतले होते, पाठ टेकायला येईल अशा खुर्च्या मिळवल्या होत्या.

पण या आवाजाला एक सवय होती. समोरचा "बाई, माझ्या मुलीचं—" इतकं म्हणेपर्यंत बाईंचा सल्ला तयार असे. "शिकवणी लावा." कुणी "रात्री झोपच—" म्हणालं की "संध्याकाळचा चहा सोडा." मग समोरची बाई मान डोलवून निघून जाई. एक काम हातावेगळं केलं, अशा समाधानात बाई पुढच्या यंत्राकडे वळत.

एका सकाळी कुणीतरी निळ्या शर्टाला काळा दोरा लावलेला बाईंना दिसला. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? पाणी गेलेल्या नळातून येते ना, तशी नुसती हवा! त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. त्या वयानं मोठ्या, केस पांढरे, बोलणं सावकाश.

"हाताला घट्टे पडतात ना, तसे तुमच्या स्वरयंत्राला पडायला लागलेत," त्या म्हणाल्या. "आता एक आठवडाभर एकही शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, त्यानं घशाला ताणच पडतो. घोट घोट पाणी प्या. ऐकलंत तर शस्त्रक्रियेशिवाय बरं होईल."

बाईंनी हातवारे करून विचारलं: मग काम? घर? माणसं?

"माणसं बोलतील की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं त्यांचं वाक्य कुठे जाऊन थांबतं ते पाहा. वेळही जाईल."

पहिला दिवस बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक! शिवणशाळेत टाळ्या वाजवून वाजवून तळहात लाल झाले. घरी त्यांनी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दूध उतू जातंय'. नवऱ्यानं मोबाइल हातभर लांब धरला, "थांब, चष्मा आणतो," म्हणाला, आणि चष्मा सापडेपर्यंत दूध जायचं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी काज-बटणाच्या यंत्रावरची बाई त्यांच्याजवळ आली. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसणारी, मोजकं बोलणारी बाई ती.

"बाई, तुमचा आवाज..." ती म्हणाली आणि थांबली. मग बाईंचं उत्तर येत नाही असं पाहून हळूच पुढे सरकली. "तुमचा आवाज बसत चाललाय, असं मला कधीपासून सांगायचं होतं. माझ्या मावशीचा असाच बसला होता. मागे एकदा सांगायला आले होते, आठवतं? 'बाई, तुमचा आवाज' एवढं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, 'मोठाच आहे! ऐकू येत नसेल तर कान तपासून घे!'"

बाईंना आधी हसू आलं. मग चेहरा उतरला. हे वाक्य त्यांच्याच भल्याचं होतं! ते पुरं ऐकलं असतं तर आज मौनव्रत घ्यायची पाळी आली नसती.

आणि मग त्यांना एक वेगळंच कुतूहल वाटू लागलं. आपण मध्येच तोडलेल्या बाकीच्या वाक्यांत काय काय होतं?

त्या दिवसापासून बाईंनी स्वतःशीच एक खेळ सुरू केला. कुणी बोलायला लागलं की शेवट काय असेल ते मनात ठरवायचं, आणि मग ऐकत राहायचं. गंमत अशी की अंदाज बहुतेक वेळा चुकायचाच! एकजण म्हणाली, "बाई, उद्या मला लवकर..." बाईंनी मनात ठरवलं, जायचंय. तर ती म्हणाली, "लवकर यायचंय. घरी पाहुणे भरलेत, इथे तरी दोन घटका शांतता मिळेल." यंत्रांच्या या घरघराटात शांतता! बाई पोट धरून हसल्या, तेही आवाज न करता. "बाई, माझ्या मुलीचं—" म्हणणारीच्या मुलीला शिकवणी नकोच होती. तिला पोहण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, आणि आईला ते कुणालातरी सांगायचं होतं, बस्स!

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई आणि दिवेवाले गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. दोन टोकं याच्या हातात, दोन तिच्या. झटकायची, ताणायची, मग चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं.

"मागच्या आठवड्यात त्या चौकातल्या खांबावर..." दिवेवाले म्हणाले आणि सवयीनं थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोच्या ओठांपर्यंत 'पट्टा' हा शब्द आला होता. तिनं तो गिळला आणि भुवया उंचावल्या. मग?

"पट्टा बांधला होता!" ते घाईघाईनं म्हणाले, आणि दोघंही हसली. "दिव्याकडे बघायला मान वर केली आणि सगळं गरगरलं. आभाळ, तारा, समोरची इमारत, सगळं. डोळे मिटून शिडीला मिठी मारली. खालून सोबती ओरडतोय, 'काय हो, खांबावर एवढं प्रेम?' मीही हसलो. पण खाली उतरल्यावरही शिडी सोडवेना."

चादर बाईंच्या मुठीत चुरगळली. घशाशी शब्दांची नुसती झुंबड उडाली होती. आवाज असता तर त्या कडाडल्याच असत्या, "उद्यापासून शिडी बंद! धड खात नाही, धड झोपत नाही, दुसरं काय होणार?" मग ते "बरं" म्हणाले असते, घड्या पुऱ्या झाल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता.

पण आवाज नव्हता. आणि बोलणं अजून संपलेलं नव्हतं!

"हे पहिल्यांदा नाही झालं," दिवेवाले चादरीकडे बघत म्हणाले. "कुशीवर वळलो तरी घर फिरतं. सकाळी पलंगावर बसून राहतो, त्यावर तू म्हणतेस आळस भरलाय. आळस नाही गं, खोली थांबायची वाट बघतो. आणि..." ते पुन्हा थांबले. या वेळी सवयीनं नव्हे. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. चक्कर येते, चक्कर येते म्हणता म्हणता मेंदूत गाठ निघाली. माझंही तेच असेल, या भीतीनं डॉक्टरकडे गेलो नाही. आणि उद्या पुलावरचे खांब आहेत, सगळ्यात उंच. मला 'नाही' म्हणता आलं नाही."

बाईंच्या हातातून चादर सुटली. उद्या! पुलावर! त्या पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरले. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाच्या पोटात एवढी भीती आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी तिच्यावर उपाय काय सांगितला होता? टोपी!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नवऱ्याचा पट्टा कपाटात टाकला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. दिवेवाल्यांनी कामावर फोन करून आज येत नसल्याचं कळवलं. मग दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दिवेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. आजवर त्यांच्या दुखण्यांची माहिती तीच देत आली होती. बायकोनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. तुम्हीच सांगा!

त्यांनी सगळं सांगितलं, वडिलांच्या गाठीसकट. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग त्यांना टेबलावर बसवून, मान एका बाजूला वळवून पटकन आडवं केलं. दिवेवाल्यांची बुबुळं थरथरली, त्यांनी टेबलाची कड धरली. डॉक्टरीणबाई शांतपणे डोळ्यांकडे पाहत राहिल्या.

"हा कानाचा खेळ आहे," त्या म्हणाल्या. "तोल सांभाळायला कानाच्या आत बारीक कण असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले की मान वर करताना किंवा कूस बदलताना असं गरगरतं. मान ठरावीक पद्धतीनं फिरवून ते जागेवर आणता येतात. आत्ताच करू या."

"म्हणजे गाठ...?"

"लक्षणं तर कानाचीच दिसतात. तरी रक्तदाब आणि बाकीचं नीट तपासून घेऊ, म्हणजे मनात शंका राहायला नको. पण मी सांगेपर्यंत शिडीला हात लावायचा नाही. आज त्या पुलावर चढला असतात तर तुमच्याशी हे बोलायला मी कुठे असते आणि तुम्ही कुठे!"

दिवेवाल्यांच्या जिवात जीव आला. बाईंच्या डोळ्यांना मात्र धार लागली. त्यांचाही आठवडा पुरा होत आला होता. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला आणि हळू आवाजात थोडं बोलायची परवानगी दिली.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. आवाज नवा, मऊ होता. "मी काळजीनंच बोलायचे हो. त्यात माझं चुकलं काय?"

"काळजीनंच बोलत होता, म्हणून तर चूक लक्षात आली नाही. रागानं तोडलेलं वाक्य माणूस भांडून का होईना, पुरं करतो. काळजीनं तोडलेलं गिळून टाकतो. भांडणार कुणाशी? समोरचं माणूस तर आपल्या भल्याचंच बोलतंय!"

"मग यापुढे गप्पच बसू?"

"छे! बायकांना गप्प बसा म्हणणारे थोडे आहेत का, त्यात माझी भर कशाला? बोला, भरपूर बोला. फक्त दुसऱ्याचं बोलणं संपू द्या आणि मग विचारा, 'सल्ला हवाय, की नुसतं सांगायचंय?' निम्म्या वेळा माणसाला नुसतं सांगायचंच असतं." मग त्या दिवेवाल्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही हो! बायको मध्ये बोलली की वाक्य टाकून देता? 'थांब, मला पुरं बोलू दे,' एवढं म्हणता येत नव्हतं?"

"ते वाक्यही पुरं होईल की नाही, अशी शंका होती," दिवेवाले म्हणाले, आणि तिघंही हसली.

दिवेवाल्यांच्या बाकीच्या तपासण्या ठीक निघाल्या. मान फिरवण्याचा उपाय पुन्हा करावा लागला, पण गरगरणं ओसरलं. दरम्यान त्यांना गोदामात बसून दिवे तपासायचं काम मिळालं. आणि बाईंना घरात एक नवाच शोध लागला. हा माणूस बोलका आहे! गोदामातल्या मांजरापासून साहेबांच्या शिंकेपर्यंत सगळं रंगवून सांगायचा. कधी कधी तर इतकं लांबवायचा, की बाईंना जांभई आवरावी लागायची. सवय काही एका आठवड्यात जात नाही. मध्येच त्यांचा सल्ला सुटायचा, आणि दिवेवाले हात वर करून म्हणायचे, "थांब, मला पुरं बोलू दे."

एका संध्याकाळी ते आले आणि बसून सावकाश सांगू लागले. साहेबांनी विचारलंय, शिडीवर परत जायचं की नव्या मुलांना काम शिकवायचं? शिडीची सवय आहे, वरून दिसणारा रस्ता आवडतो. पण मुलं चांगली आहेत, आणि शिकवायला कुणी नसल्यानं चुका करतात. दोन्हीकडे मन ओढतंय. सांगून झालं. बाई ऐकत होत्या.

मग दिवेवाल्यांनी मान वर करून विचारलं, "तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षांत विचारला नव्हता. उत्तर नेहमी आधीच येऊन बसलेलं असायचं, मग प्रश्नाला जागा कुठे होती? बाईंचा ऊर भरून आला. त्यांच्याकडे मत होतं, चांगलं ठाम मत होतं, आणि आज ते कुणालातरी हवं होतं!

मित्रहो, आपण आपल्या माणसांच्या खाण्यापिण्याची, औषधांची किती काळजी घेतो! पण त्यांच्या मनातली भीती आणि अंगातलं दुखणं आपल्याला कळतं ते त्यांच्या बोलण्यातूनच, आणि खरं दुखणं बहुतेकदा वाक्याच्या शेवटाशी दडलेलं असतं. तेव्हा आज घरी कुणी बोलायला लागलं, तर क्षणभर थांबा. आपला सल्ला कितीही बरोबर असो, तो पळून जात नाही. आधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या.