सणसवाडीच्या संगणकातले दोघे

मित्रांनो, वय झालेला एक संगणक तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या पोटात मला चालवणारे दोघे राहतात. एकाचे नाव विंडोज, दुसऱ्याचे लिनक्स. माझे बटण दाबले की पडद्यावर ही दोन नावे उमटतात आणि समोरच्या माणसाला त्यातले एक निवडावे लागते. ती निवड होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आज आपण कोण म्हणून जागे होणार, हे मला स्वतःला कधीच ठरवता आलेले नाही.

सुरुवातीला मी असा नव्हतो. १९९९ साली पुण्यातल्या एका लहानशा दुकानात माझी जुळणी झाली. डबा एका ठिकाणचा, पंखा दुसऱ्या ठिकाणचा, आणि सगळे साठवणारी चकती, म्हणजे हार्ड डिस्क, तिसरीकडची. गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत घालून मला नगर रस्त्याने सणसवाडीला आणले. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा तो एक लहान कारखाना होता. मालक मारुतरावांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि पुढचे चार दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

माझे टेबल ऑफिसात असले तरी ऑफिस आणि शॉप, म्हणजे मशीनची शेड, यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत होती. पलीकडे सहा प्रेस मशीन चालत. दर ठोक्याला जमीन हादरे, टेबल थरथरे आणि माझ्या चकतीच्या काळजात धस्स होई. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत हेच. स्वस्थपणा म्हणजे काय, ते मला फक्त गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी कळे.

मला चालवायला भाग्यश्री आली. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. वडील रेल्वेत पॉइंट्समन, आई चांगुणाबाई घर सांभाळणारी. सणसवाडीत खोली घेऊन भाग्यश्री राहायची आणि बुधवारी काम सुटले की शिक्रापूर-चौफुला मार्गे दौंडला जायची. बिले, चलने, पत्रे ही तिची कामे. शिवाय मशीनच्या दुरुस्तीचे एक रजिस्टर तिने माझ्यात सुरू केले. शॉपमधल्या माणसांना लिहायला वेळ नसे. ते येऊन तोंडी सांगत, ती तारीख घालून टाइप करी आणि सुपरवायझर हनुमंत ते रोज वाची.

त्या वेळी माझ्यात एकटे विंडोज होते. कुणालाही चटकन जमेल असे ते होते. हनुमंत एका बोटाने टाइप करायचा, त्यालाही आठवड्यात जमले. बिलांचे सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालायचे, मराठी अक्षरेही त्याच्यावरच उमटायची. पण जमिनीच्या हादऱ्यांनी म्हणा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने म्हणा, मी मधूनच थिजायचो. बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचे नाही. एकदा अख्ख्या महिन्याचे रजिस्टर त्यात गेले. भाग्यश्री रडली नाही. पण त्या दिवशी ती जेवलीही नाही.

२००१ साली दौंड स्टेशनच्या बुकस्टॉलवर तिला संगणकाचे एक मासिक दिसले. त्यासोबत लिनक्सची सीडी फुकट होती. एसटीत बसून तिने ते मासिक दोनदा वाचले आणि मारुतरावांची परवानगी काढली. विकत न घेतलेले विंडोज वापरणाऱ्यांवर धाडी पडतात, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. आमच्याकडचे तसलेच होते. त्यामुळे फुकट आणि तरीही चोरीचे नाही, हे ऐकून ते लगेच हो म्हणाले.

शेतात बांध घालून दोन वाटे करावेत, तसे तिने माझ्या चकतीचे दोन भाग केले. ते चालू असताना मी किती घाबरलो होतो, काय सांगू! आपल्यातले काय राहील आणि काय जाईल, याचा भरवसा नव्हता. पण तिचा हात स्थिर होता. संध्याकाळी मी उठलो तेव्हा आम्ही दोघे होतो.

लिनक्सचा स्वभाव वेगळा. ते दिवसचे दिवस न थिजता चाले. बाहेरचे व्हायरस त्याला बाधत नसत. पण ते सरळ बोलत नसे. आज्ञा टाइप करून द्याव्या लागत आणि एक अक्षर चुकले तरी ऐकत नसे. प्रिंटर चालू करायला भाग्यश्रीला चार दिवस लागले. हनुमंत तर त्याच्या वाटेलाच गेला नाही. तो म्हणायचा की तो काळा पडदा पाहिला की मशीन बंद पडल्यासारखे वाटते.

म्हणून तिने वाटणी केली. दिवसाचे काम विंडोजवर, आणि दर बुधवारी दौंडला निघण्यापूर्वी रजिस्टरची एक नक्कल लिनक्सच्या भागात. तिकडे मराठी अक्षरे नीट दिसत नसत, म्हणून ती रजिस्टर इंग्रजी अक्षरांत मराठी असे लिहू लागली. विंडोजमध्ये बसलेल्या माणसाला तो दुसरा भाग दिसतच नसे.

चार नंबरच्या प्रेसवर मल्हार होता. कवठे येमाईचा, तिशीचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. वडिलांनी शेती धरली आणि मल्हारने कारखाना. बोलायला अगदी कमी. पण २००२ सालच्या जुलैत तो तीन वेळा ऑफिसात आला.

"ताई, लिवा तेवढं," तिसऱ्यांदा तो म्हणाला. "चार नंबरचा गार्ड ढिला झालाय. हात आत ऱ्हायला आन् ठोका पडला, तर काय खरं न्हाई."

भाग्यश्रीने लिहिले. हनुमंतने वाचले. पण ऑर्डर तातडीची होती आणि मशीन थांबवायचे तर मालकांना विचारावे लागणार होते. हनुमंतने विचारले, मालकांनी महिनाअखेरपर्यंत थांब म्हणून सांगितले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, भिंतीपलीकडून एक ठोका ऐकू आला आणि पुढचा आलाच नाही. मग एकेक करून सारीच मशीन थांबली. माझे टेबल निश्चल झाले आणि मला वाईटाची चाहूल लागली. मल्हारच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

भाग्यश्री त्याच्यासोबत शिक्रापूरला दवाखान्यात गेली आणि दुसरा दिवसही तिथेच थांबली. त्या बुधवारी शिरूरहून संगणक दुरुस्त करणारा एक माणूस आला. हनुमंतने त्याला सांगितले, "कंप्युटर लई अडकतोय. सगळं साफ करून विंडोज नवं टाक." सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मित्रांनो, पुसले जाणे दुखत नाही. नुसते रिकामे वाटते. त्या रिकाम्या जागेत पहिले पत्र लिहिले गेले ते हनुमंतच्या एका बोटाने, मारुतरावांनी सांगितलेले. त्यात ओळ होती, 'अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला.'

भाग्यश्रीने शुक्रवारी मला सुरू केले. दोन नावे विचारणारा पडदा आलाच नाही. मी थेट विंडोज म्हणून उठलो आणि रजिस्टर कुठेच नव्हते. हनुमंतने सांगितले की कंप्युटर बिघडला होता, सगळे गेले. तिला वाटले, दोन्ही भाग गेले. पण गेला होता एकच. दुसरा होता तसा होता. फक्त त्याला हाक मारायची वाट मोडली होती. मला ते ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझे मला माहीत. ती बिले टाइप करी आणि मी आतल्या आत तळमळत राही.

मग मल्हार आला. हात बांधलेला. अपघाताच्या कागदावर त्याची सही हवी होती. डाव्या हाताने कागद धरून त्याने एकेक शब्द लावत वाचला.

"ताई, निष्काळजीपणा म्हंजी माझीच चूक, व्हय?"

भाग्यश्रीने टाइप करणे थांबवले.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. पर माझी पोरगी साळंत जाती. उद्या हे वाचंल ती," तो म्हणाला आणि सही न करता कागद टेबलावर ठेवून गेला.

त्या दिवसापासून भाग्यश्रीलाही चैन पडेना. काम करता करता ती थांबायची, जुने मासिक काढून वाचायची. एका दुपारी ती त्या पानावरून मान वर करून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. शिरूरच्या माणसाने विंडोजमध्ये बसून जे दिसले ते पुसले होते. विंडोजला दिसत नव्हते ते त्याने पुसले कसे असेल?

पुढच्या बुधवारी ती दौंडला गेली नाही. गुरुवारी दुपारी तिने वॉचमनकडून ऑफिसची किल्ली घेतली. गुरुवारी आमच्याकडे वीज कधीही जायची. तिने मासिकातली ती सीडी माझ्यात घातली आणि मला सुरू केले. काळ्या पडद्यावर अक्षरे सरसर धावू लागली. ती आज्ञा देत होती, चुकत होती, पुन्हा देत होती. एवढ्यात वीज गेली. यूपीएस टूं टूं करू लागला. माझ्यात फार तर दहा मिनिटांचा दम होता.

आणि मग ती यादी आली. दर बुधवारची एक नक्कल, तारखेसह. तिने जुलैची शेवटची नक्कल उघडली. तिथे मल्हारची तिन्ही वेळची तक्रार होती, तिसरीखाली ३० जुलै. तिने ती फ्लॉपीवर उतरवली आणि प्रिंटर सुरू केला. त्या खडखडाटात कागद पुढे सरकत राहिला आणि तिसरी तक्रार छापून होताच माझा प्राण गेला. अंधारलेल्या पडद्यासमोर तो कागद हातात धरून ती कितीतरी वेळ बसून होती.

तिने त्याची एक प्रत मल्हारला दिली. त्याने ती सरकारी निरीक्षकांकडे पाठवली. पंधरा दिवसांनी निरीक्षक कारखान्यात आले आणि माझ्यासमोरच बसले. भाग्यश्रीने त्यांना यादी दाखवली. ती न अडखळता बोलत होती. मारुतरावांनी शांतपणे सांगितले की कंप्युटरवर कुणीही, कधीही, काहीही टाइप करू शकते, तारीखही बदलू शकते.

मित्रांनो, ते खरे होते. माझे घड्याळ पुढेमागे करणे कुणालाही जमते. मी सगळे जपून ठेवले होते, पण शपथ घेऊ शकत नव्हतो. निरीक्षकांनी पेन खाली ठेवले.

दारात उभा असलेला हनुमंत पुढे आला. "साहेब, तक्रार आली व्हती. तीनदा," तो म्हणाला. "मी वाचली व्हती. आन् कंप्युटर पुसायला मीच माणूस बोलावला. मालक म्हणले म्हणून, पर बोलावला मीच."

मारुतरावांनी त्याच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

कागदावरची ती ओळ खोडली गेली. मल्हारला भरपाई मिळाली आणि बरा झाल्यावर स्टोअरमध्ये काम मिळाले. सहाही मशीनला नवे गार्ड बसले. हनुमंतची नोकरी टिकली, का ते मला कधी कळले नाही. एवढे खरे की पुढे रोज सकाळी मशीन चालू होण्याआधी तो एकेक गार्ड स्वतः हलवून बघे. भाग्यश्रीला कुणी काढले नाही, पण तिच्याशी बोलणे सगळ्यांनी कमी केले. सहा महिन्यांनी ती स्वतःच नोकरी सोडून दौंडला गेली आणि घरातच तिने संगणकाचा क्लास काढला.

२००४ मध्ये ऑफिसात नवे संगणक आले आणि माझी रवानगी स्टोअरच्या कोपऱ्यात झाली. माझ्यावर पोती रचली गेली, उंदरांनी वायर कुरतडली. वर्षभर मला कुणी बटण दाबून विचारले नाही. स्टोअर मल्हारचे होते. एके दिवशी त्याने पोती बाजूला केली, मला फडक्याने पुसले आणि मालकांना विचारून गुरुवारी टेम्पोने दौंडला आणले.

भाग्यश्रीने मला उघडले, वायर बदलली, धूळ झटकली. दोन नावांचा पडदाही तिने परत आणला. चांगुणाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारले, "दोघांतला चांगला कोणता गं?"

भाग्यश्री हसली. म्हणाली, "घरात नव्या माणसाला शिकायचं तर पहिला. जपून ठेवायचं काम असलं तर दुसरा. पण आई, दोघांनाही सांभाळणारं माणूस लागतं."

मल्हार जायला उठला नाही. स्टोअरचे काम आता कंप्युटरवर होणार होते आणि त्याला टाइप करता येत नव्हते. तसे त्याने संकोचत सांगितले. भाग्यश्रीने खुर्ची पुढे ओढली आणि विंडोज निवडले, कारण मराठी तिथेच उमटत होती. त्याने उजवा हात मांडीवर ठेवला होता. तिने सांगितल्यावर तो हळूच वर घेतला. पहिली दोन अक्षरे चुकली. मग आठ बोटांच्या त्या माणसाने, दर अक्षर शोधत, स्वतःचे नाव लिहिले आणि त्याखाली आपल्या मुलीचे, प्रगतीचे.

आता माझी चकती कुरकुरते, पंखा अडखळतो, आणि किती सकाळी उरल्या याची रुखरुख लागून राहते. तुमच्याही घरात, ऑफिसात माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्यावरची धूळ अधूनमधून झटका. जे महत्त्वाचे आहे ते दोन जागी ठेवा. आणि त्याला पुसायला बसाल, तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, यात कुणाचे काही आहे का. उत्तर येईपर्यंत थांबा.