न दिसणारा झोत

झोत दिसेना.

ऑपरेटरनं झरोक्याच्या काचेला नाक लावलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. यंत्र घरघरत होतं, फिल्म सुरळीत उतरत होती. पण झरोक्यातून निघून पडद्यापर्यंत जाणारा तो निळसर, घुसळत राहणारा झोत कुठंच नव्हता. त्याच्याकडे नुसती नजर टाकून ऑपरेटर बावीस वर्षं दिव्याची तब्येत ओळखत आला होता.

"दिव्याचं काहीतरी बिनसलंय," तो पुटपुटला. त्यानं कार्बनच्या कांड्या सारख्या केल्या, वीज वाढवली. झोत नाहीच. आणखी वाढवली. तशा खालून शिट्ट्या सुरू झाल्या.

"ओ ऑपरेटर, हिरॉइनचं तोंड कुठं गेलं?"

"पावडर जास्त झाली रे तिला."

पडदा पांढराफटक पडला होता. त्यानं झडप पाडली, खेळ थांबवला, खालचे दिवे लावले. नेमका आजच. नव्या कायद्याचा पहिला दिवस, दुपारचा पहिला खेळ.

तसे धुराविरुद्धचे कायदे या थिएटरात आधीही होतेच. सगळ्यात जुनी पाटी ऑपरेटरच्या खोलीत होती, त्याच्या आधीपासूनची. फिल्म भस्सकन पेटते, म्हणून इथं काडी ओढायची नाही. म्हणजे माणसाच्या आधी फिल्मची काळजी वाहिली गेली होती. मग खेळाआधी दाखवायची काचेची स्लाइड आली, 'कृपया धूम्रपान करू नये'. ऑपरेटर ती इमानानं रोज पडद्यावर टाकायचा, आणि तिच्याच उजेडात लोक खिशातली काडेपेटी शोधायचे. त्यात त्यांचा तरी काय दोष? नुसती विनवणीच होती ती. ऑपरेटर स्वतःही रीळ लावून झालं की जिन्यात उभा राहून दोन झुरके मारायचा.

खाली दाराशी त्याची बायको असायची. हातात बॅटरी, उशिरा आलेल्यांना अंधारात जागा दाखवायची. सगळे तिला बॅटरीबाई म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिची छाती तपासून डॉक्टरनं विचारलं होतं, "दिवसाला किती ओढता?"

"मी नाही ओढत हो," ती हसली होती. "मला ओढायला लावतात. रोज हजारभर माणसांची."

डॉक्टर हसला नाही. "ती हवा सोडा. नाहीतर दोन वर्षांनी जिना चढवणार नाही."

त्या दिवसापासून ऑपरेटरची सिगारेट सुटली. तिचं दार मात्र सुटेना. "घरात बसून काय करू?" ती म्हणायची. "माझ्या उजेडाच्या मागं माणसं कशी चालत येतात, तुम्ही वरून बघता ना?" तो बघायचा. आणि खोकलाही ऐकायचा, यंत्राच्या घरघरीतून वेगळा काढून.

मग हा कायदा आला. यात विनवणी नव्हती, दंड होता. मालकानं पाटी लावली, पण सकाळीच ऑपरेटरच्या कानात सांगितलं, "आठवडाभर बघू. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर पाटी राहील दाराशी आणि आपण बघू दुसरीकडे."

आणि आता आपल्याच हातानं खेळ थांबला. मालक धापा टाकत वर आला.

"दिवा गेला?"

"बघतोय, मालक."

खाली गलका वाढला होता. तिसऱ्या रांगेतल्या एकानं सिगारेट ओठात धरली, काडी ओढली. ऑपरेटरनं झरोक्याची काच सरकवली. एक पेटली की शंभर पेटणार होत्या.

बॅटरीचा गोल सावकाश चालत गेला आणि त्या माणसाच्या हातावर थांबला.

"बाई, खेळ तर बंदच आहे ना?"

"खेळ बंद, दादा. कायदा चालू आहे."

कुणीतरी हसलं. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "विझवा हो. लेकराला घेऊन पहिल्यांदाच आलेय मी इथं."

माणसानं काडीवर फुंकर मारली. सिगारेट कानावर ठेवली. गोल क्षणभर तिथंच राहिला, मग खाली झुकला, नमस्कार केल्यासारखा.

मालक झरोक्यातून हे बघत होता.

थोड्या वेळानं ती जिना चढून आली, तीनदा थांबत.

"अहो, काय झालं?"

"झोत दिसत नाही गं. दिवा मंदावलाय."

तिनं झरोक्यातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता खोकली, पुन्हा हसली. "हवेत काय शोधताय? दिसत होता तो धूर होता. तुम्ही पडद्याकडे बघा."

त्यानं वीज आधी होती तेवढी केली, खालचे दिवे मालवले, झडप उघडली. पडद्यावर एक झाड उभं राहिलं. पान अन् पान वेगळं. बावीस वर्षांत इतकं लखलखीत झाड त्यानं दाखवलं नव्हतं.

"राहू दे पाटी," मालक म्हणाला आणि खाली गेला.

दोन वर्षांनी जिना चढवणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तिला त्या दिवसानंतर एकोणीस वर्षं मिळाली. त्यातली चौदा तिनं दाराशीच काढली, दमली की घडीच्या खुर्चीवर टेकून. पुढं तीच पाटी बसमध्ये आली, कचेऱ्यांत आली, खानावळीत आली. ती दिसली की बॅटरीबाई म्हणायची, "बघा, आपल्या पाटीची धाकटी बहीण." हा कायदा कुणी भांडून आणला, कुणी लिहिला, त्यांना कधीच कळलं नाही. ती मात्र रोज शेवटच्या खेळानंतर बॅटरी बंद करताना म्हणायची, "जे कुणी असतील, त्यांचं भलं होवो."

ती गेल्यावर महिन्याभरानं ऑपरेटर थिएटरात गेला. आता यंत्र आपोआप चालत होतं, वर कुणीच नसायचं. दुपारच्या खेळाला अजून अवकाश होता. दाराशी तिची घडीची खुर्ची तशीच होती. त्यानं पिशवीतून बॅटरी काढली, कळ दाबली.

हवेत काहीच दिसलं नाही. उजेड तेवढा खुर्चीवर पडला, स्वच्छ, गोल.

त्यानं छाती भरून श्वास घेतला. मग तिच्यासारखंच पुटपुटून कळ बंद केली.