तेल प्यालेला ब्रेकपॅड

आदरणीय वाचकहो व मित्रांनो, एका कुशल माणसाच्या निवडीवर जो डाग लागला तो वास्तविक कोणाचा होता, हे आज मी आपणांसमोर जड अंतःकरणाने निवेदन करणार आहे. तरी शेवटपर्यंत लक्ष द्यावे, ही विनंती.

मी एक जुना ब्रेकपॅड आहे. मोटारीच्या चाकामागे एक लोखंडी चकती फिरत असते. चालकाने पाय दाबताच तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरणे, हा माझा धर्म. तांब्याचा कीस, लोखंडाची पूड व राळ एकत्र करून, पोलादी पत्र्यावर दाबून आणि भट्टीत भाजून मला घडविण्यात आले. आम्ही चौघे भाऊ एकाच खोक्यातून म्हैसुरास, नजरबादेतील गुरुरावांच्या गॅरेजात आलो.

गुरुरावांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठसे उमटविणाऱ्या रंगाऱ्यांचे. तो धंदा बसला तेव्हा धाकट्या गुरुरावांनी हाती पाना घेतला. थोरले बंधू गुंडुराव मात्र अखेरपर्यंत ठशांतच राहिले, आणि हात थकल्यावर गॅरेजात येऊन बसू लागले. गुरुरावांची कन्या तुंगा बँकेत नोकरी करी व वर्षातून दोनदा आपली जुनी मारुती घेऊन कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर उतरे.

माझी निवड झाली तो दिवस मला स्मरतो. मेजावर तीन खोकी उघडी होती.

"अप्पा, हा शर्यतीचा घ्या. सगळे हाच घालतात," तुंगा म्हणाली.

"सगळ्यांची गाडी तुझ्या गाडीच्या दुप्पट वजनाची आहे, अल्वा? आहे ना? हा भरपूर तापल्याशिवाय धरत नाही. तुझी हलकी गाडी त्याला तेवढं तापवणारच नाही. ब्रेक मिळायचा नाही, नुसती ऐट मिळेल."

"मग हा रोजचा?"

"तो भाजी आणायला. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत दम सोडेल." मग त्यांनी मला उचलून अंगठ्याने चाचपले. "हा मधला. तुझ्या गाडीला हाच. पहिल्या फेरीत जरा सुस्त वाटेल, घाबरू नको. तापला की चावेल."

"आणि नाही चावला तर?"

"तर तुझ्या अप्पाला काही कळत नाही, असं गावभर सांग."

दोघेही हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातील ती प्रशंसा पहिली आणि शेवटची ठरली.

पुढील रविवारी पहाटे सोसले गावच्या रस्त्यावर गुरुरावांनी आम्हांस दहा वेळा तापविले व निवविले. चकतीवर आमचा पातळ थर बसला आणि आम्ही कामास सिद्ध झालो. परंतु रोजच्या गाडीला रोजचेच पॅड हवेत, म्हणून आम्हांस काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले.

इतक्यात आयुधपूजा आली. पाने, हातोड्या, जॅक असे सर्व काही धुऊन पाटावर मांडले गेले. आम्हीही मांडले गेलो. पूजेचा मान थोरल्या गुंडुरावांचा. त्या घराण्यात या दिवशी लाकडी ठशांना तिळाचे तेल पाजण्याची रीत होती. लाकूड तेल पिते, मग वर्षभर तडकत नाही. गुंडुरावांचे ठसे केव्हाच विकले गेले होते, पण हात ती रीत विसरले नव्हते. आम्हांस पाहून ते कळवळले.

"अय्यो, गुरूची ही नवी आयुधं अशी कोरडी?"

त्यांनी कापसाचा बोळा बुडवून आम्हांस तेल पाजले. आमच्या अंगी सूक्ष्म छिद्रे असतात. ठसा पितो तसेच आम्ही प्यालो. ब्रेकपॅडला तेल हे विष आहे, हे ओरडून सांगण्यास मला मुख नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस पुसून कुंकू लाविले व पुन्हा फडक्यात बांधले. सगळ्या गॅरेजालाच तेलाकापराचा वास येत होता. त्यात आमचा वास कोण ओळखणार?

त्याच आठवड्यात ट्रॅकवर गुरुरावांनी आम्हांस चाकांत बसविले. पहिली फेरी संपवून तुंगा कठड्यापाशी थांबली.

"अप्पा, नीट धरत नाही हो."

"तापू दे ग! आधीच सांगितलं होतं ना? सुम्ने, गुपचूप चालव."

बापाचा शब्द ऐकून ती गेली. लांब सरळ रस्ता संपला, वळण आले, तिने पाय दाबला. मी तापलो, पण माझ्या पोटातील तेल उकळून चकतीवर आले. मी आवळीत होतो आणि घसरत होतो. तिने पुन्हा दाबले. गाडी वाळू उडवीत टायरांच्या भिंतीत शिरली.

तुंगेच्या गळ्याखालचे हाड मोडले. देवकृपेने जीव वाचला.

गुरुरावांनी मला काढून पाहिले. माझे तोंड काचेसारखे चकाकत होते. अति तापलेला पॅडही असाच दिसतो. ते एवढेच म्हणाले, "माझा अंदाज चुकला." त्या दिवसापासून ब्रेकच्या कामाला आलेली गिऱ्हाइके ते दुसरीकडे पाठवू लागले. कुवेंपुनगरच्या घरात मुलीच्या खोलीपुढून जाताना ते मान खाली घालीत.

मी भंगाराच्या डब्यात पडलो होतो. गुंडुरावांनी एकदा मला उचलून हुंगले. तिळाचा तो वास साठ वर्षांच्या परिचयाचा. त्यांनी मला परत डब्यात ठेविले.

त्यानंतर दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्टोव्हवर धरले. माझ्या अंगातून तेलाचे थेंब वर आले. मग संशय उरला नाही. मला फडक्यात घेऊन ते तुंगेकडे गेले व सर्व सांगितले.

तिने मला हातात घेतले. "दोड्डप्पा, मला सांगून काय उपयोग? मोडलेलं हाड जुळेल. अप्पा स्वतःला रोज मोडून घेताहेत."

"त्याच्यापुढे उभं राहून तोंड उघडत नाही ग माझं."

"मग लिहा. गॅरेजच्या भिंतीवर लावा. गिऱ्हाइकांनी पण वाचलं पाहिजे."

"चौथी शिकलेला मी. मला कुठलं लिहिता येतं?"

"येतं तेवढं लिहा. खोटं तेवढं लिहू नका."

मित्रांनो, माया करताना सुद्धा वस्तूचा स्वभाव आधी विचारून घ्यावा. जे ठशाला अमृत, ते मला विष झाले. विचारण्यास अर्धे मिनिट लागले असते. गुरुराव तेव्हा चार पावलांवर पाठमोरे उभे होते.

मला हात नाहीत. म्हणून हे सर्व दुसऱ्याच्या हाताने लिहिले आहे. गुरू, तुझी निवड बरोबर होती.

मजकूर वाचणाऱ्या सर्वांचे आभार.

तेल पाजणारा व हे लिहिणारा,
गुंडुराव रणोजीराव,
नजरबाद, म्हैसूर