फुंकरबाबाची परात

फुंकरबाबानं परातीतल्या आपल्या बाजूच्या आंब्यावर फुंकर मारली, सुरी फिरवली आणि अंगणातली गर्दी एका तोंडानं “आऽऽ” म्हणाली. गर कसा केशरी, काठोकाठ! मग त्यानं धाकट्या सुनेला परातीतला तिच्या बाजूचा आंबा उचलायला लावलं. वरून तसाच पिवळाधमक. कापला, तर आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस साका.

“वरून रूप, आत विष!” बाबा गरजला. “हिचा हात लागेल ते फळ नासेल. आजच माहेरी पोचवा हिला!”

बागेत साका धरायला लागून तीन वर्षं झाली होती, अन् धाकटीला घरात येऊन तीनच. बाबाला एवढा धागा पुरला. त्यानं त्याचा दोरखंड वळला. बागेचा कारभार बघणारा थोरला मुलगा मान डोलवत होता. धाकटा बायकोकडे न बघता नखं कुरतडत होता.

सुनेची सासू, मोठी आई, ओट्यावर बसली होती. शाळा दुसरीतच सुटलेली, पण बागेतलं झाड न् झाड तिच्या ओळखीचं. सगळे चमत्कार बघत होते, ती देठ बघत होती. बाबाच्या बाजूच्या आंब्यांना बोटभर देठ. सुनेच्या बाजूचे बोडके. थोरल्याचे गडी आंबा हिसडून काढायचे. कात्रीनं देठ राखून काढायची खोड तिची एकटीची, अन् ती स्वतः उतरवायची ते झाडही एकच: भिंतींसाठी चुना भिजवायच्या जुन्या खड्ड्याशेजारचं. त्या झाडाच्या फळात कधी साका निघाला नव्हता.

तिनं थोरल्याला जवळ बोलावलं. “काय रे, बाबांनी तुला काही विचारलं होतं?”

“विचारलं ना. कुठल्या झाडाचा आंबा नासत नाही म्हणून. मी खड्ड्याजवळचं सांगितलं. त्यांचा चेला तुझ्याच आढीतले घेऊन गेला. अंतर्ज्ञानी माणूस आहे, आई!”

“हो ना. विचारून विचारून अंतर्ज्ञानी!”

ती पदर खोचून उठली. “बाबा, मी पडले अडाणी. नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा होऊ द्या.”

बाबा खूश. त्यानं डोळे मिटले. “फळफळ फुंक, मळमळ थुंक…” मोठी आई नमस्काराला वाकली आणि वाकता वाकता तिनं परात अर्धी फिरवली.

बाबानं मिटल्या डोळ्यांनीच आंबा उचलला, फुंकला, कापला. साका! धाकटीचा कापला, तर केशरी गर.

मागून कुणीतरी विचारलं, “बाबांचं माहेर कुठं हो?”

हसू फुटलं. “परात बाटवली!” बाबा ओरडला.

“बाटवली नाही, फिरवली. तुमची सगळी विद्या परातीतच होती, म्हणून फिरवता आली.”

बाबा चपला शोधू लागला. मोठी आई सुनेकडे वळली. “तू आंब्याची पानं तपासून कागद आणला होतास ना गं? काय होतं त्यात?”

“कॅल्शियम फार कमी, आई. अन् युरिया जास्त. त्यानं नुसती पालवी माजते, कॅल्शियम तीच ओढून घेते. गराला पुरत नाही, मग त्याची वीण सुटते. खड्ड्याजवळच्या मातीत चुना मुरलाय, म्हणून ते झाड वाचलं असेल.”

“अरे, युरियाची पोती कधीपासून आणतोस तू?”

थोरला चाचरला. “धाकट्याचं लग्न झालं… त्याच वर्षापासून.”

“मग पोत्यांना धाडायचंस माहेरी! माझ्या सुनेला कशाला?”

मोठी आई गर्दीकडे वळली. “पुढच्या हंगामासाठी चार झाडांना चुना घालू, युरिया कमी करू. चार आहेत तशी ठेवू. आंबे सगळ्यांदेखत कापू. मी खोटी ठरले तर माझंही ऐकू नका. पण फळ नासलं तर आधी माती बघा, खत बघा. घरातल्या बाईकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही, म्हणून तर सगळ्यांना ते जमतं.”

मग ती सुनेला म्हणाली, “तो कागद मीच तेव्हा न ऐकता लोणच्याच्या बरणीखाली घातलाय. काढून आण. मोठ्यानं वाच, अन् मला कळेपर्यंत वाच.”